भिंतीवरचे पांढरे डाग

आमच्या सावर्ड्यात कॅन्सर आणि प्रदूषण हा विषय निघाला की बोट लगेच लोट्याकडे जातं. लोटे-परशुरामची केमिकल एमआयडीसी, दाभोळची खाडी, मेलेले मासे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. पण स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात ज्या रसायनांचा खूप अभ्यास झाला, त्यातलं एक आपल्याकडे कारखान्याच्या पाइपातून आलं नाही. ते सरकारी फवारणीच्या पंपातून थेट माजघरात आलं. डीडीटी. आजचा लेख त्याच्यावर.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. डीडीटी कीटक मारतं हे १९३९ मध्ये पॉल म्युलरनं शोधलं, त्याबद्दल त्याला १९४८ मध्ये नोबेल मिळालं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची, असा अंदाज होता. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन यांनी धारवाड-कारवार भागात घरोघरी फवारणी करून दाखवली. १९५३ मध्ये देशभर कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ च्या सुमाराला रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. कोटींवरून लाखावर! फवारणी नको होती असं म्हणणाऱ्यानं हे आकडे आधी डोळ्यांसमोर ठेवावेत.

माझी आई १९५२ ची. ती सांगते, हिवतापवाले आले की भांडीकुंडी अंगणात काढायची, ते भिंती फवारून जायचे आणि वाळल्यावर पांढरे डाग राहायचे. मग सणाच्या आधी त्याच भिंती ती आणि मावशी हातानं सारवायच्या. दोघी तेव्हा दहा-बारा वर्षांच्या. पुढे मावशीला ५८ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, आईला नाही. म्हणून तिची मुलगी, माझी डोंबिवलीची मावसबहीण, मला विचारते, "दादा, त्या पावडरीमुळेच का रे?" तिला स्वतःला नऊ वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे प्रश्न नुसता इतिहासाचा नाही.

शास्त्रज्ञांनाही हे कोडं सोडवायला बरीच वर्षं लागली. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात रक्तातल्या डीडीईचा (शरीरात डीडीटीचं डीडीई होतं) आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध दिसला. खळबळ उडाली. मग मोठे अभ्यास झाले, आणि २००२ मध्ये लाँग आयलंडच्या अभ्यासात काहीच संबंध सापडला नाही. बऱ्याच जणांनी विषय संपला असं मानलं.

आपल्या धंद्यातल्या माणसाला इथे शंका यायला हवी. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं की आपण आजचा लॉग बघतो, पण चूक तीन रिलीज आधी झालेली असते, आणि तो लॉग केव्हाच पुसला गेलेला असतो. पन्नाशीच्या बाईचं आजचं रक्त तपासून ती बारा वर्षांची असताना काय झालं ते कसं कळणार?

बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुना लॉग मिळाला. कॅलिफोर्नियात ऑकलंडच्या आसपास १९५९ ते १९६७ या काळात बाळंतिणींच्या रक्ताचे नमुने घेऊन गोठवून ठेवले होते. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की १९४५ मध्ये, म्हणजे डीडीटी बाजारात आलं तेव्हा, ज्या १४ वर्षांच्या आत होत्या आणि ज्यांच्या रक्तात डीडीटी जास्त होतं, त्यांच्यात या कर्करोगाचा धोका पाचपट होता. ज्या तेव्हा त्याहून मोठ्या होत्या, त्यांच्यात संबंध दिसला नाही. २०१५ मध्ये त्याच बायकांच्या मुलींचा अभ्यास आला: आईच्या रक्तात गरोदरपणी डीडीटी जास्त असेल, तर मुलीचा धोका जवळजवळ चौपट. हिरोशिमा-नागासाकीतही किरणोत्सर्गाचा हा धोका लहान वयातल्या मुलींना जास्त होता. स्तनाची वाढ होत असतानाचा काळ नाजूक असतो. प्रश्न 'किती' इतकाच 'केव्हा'चा आहे.

अभ्यास लहान होते हेही सांगायला हवं. २०१५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डीडीटीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं, पण त्यामागचा मुख्य आधार दुसरे कर्करोग होते, स्तनाचा नव्हे. म्हणून बहिणीला मी हेच सांगितलं: मावशीचा आजार कशानं झाला हे कुणीही सांगू शकत नाही. असे आकडे हजारो बायकांबद्दल बोलतात, एकीबद्दल नाही.

मग करायचं काय? भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, ढेकणांवर मारायच्या गमॅक्सिनवर १९९७ मध्ये. गावच्या घरी माळ्यावर जुना डबा असेल तर उघडू नका, जाळू नका, परड्यात पुरू नका. कृषी खात्याच्या माणसाला विचारून विल्हेवाट लावा. फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर मुली आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसरीकडे राहू देत. जाळी आणि मच्छरदाणी रोजच्या स्प्रेपेक्षा बरी. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात नको. त्याचा पुरावा डीडीटीइतकाही पक्का नाही, पण स्टीलचा डबा घरात असतोच. आणि ज्याचा पुरावा एकदम पक्का आहे ती गोष्ट म्हणजे दारू. प्लास्टिकच्या नावानं ओरडत वीकेंडला वाइन पिण्यात काही अर्थ नाही.

जे शरीरात गेलं ते मात्र काढता येत नाही. त्या पिढीसाठी उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला, २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं केलेल्या तपासणीनं पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ना मशीन, ना मोठं बिल.

सावर्ड्याच्या शेजारी डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. 'मला काय धाड भरल्ये' म्हणत आई तीन महिने टाळत होती. गेल्या आठवड्यात जाऊन आली. तुमची आई कधी गेली होती, आज फोन करून विचारा.