निपाणीत, गळ्यात कॅमेरा

गोव्याहून आंबोली, आजरा, संकेश्वर करत पुण्याला जाताना निपाणी लागायची ती चहापुरती. यंदा आश्विनात मुद्दाम उतरलो. जवाहर तलावाचं पाणी निवळलेलं, ऊन कोवळं. भराभर फोटो काढले. गावात तंबाखूच्या वखारींपुढे मात्र कॅमेरा नुसता गळ्यात राहिला. नाकात तंबाखूची धूळ आणि समोर भिंत, एवढंच.

चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी या भिंतींआड एक कॅमेरा गेला होता. दीपा धनराज, नवरोझ कॉन्ट्रॅक्टर आणि त्यांच्या 'युगांतर' गटाचा. 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा १९८२ मधला त्यांचा मराठी माहितीपट कृष्णधवल आहे, लांबी पंचवीसेक मिनिटं. वखारीतल्या बायका त्यात स्वतःच बोलतात. धुळीबद्दल, मजुरीबद्दल, संघटना कशी बांधली त्याबद्दल.

निपाणी म्हटलं की आपल्याला आठवतं ते आदल्या वर्षीचं आंदोलन. १४ मार्च १९८१ पासून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा जण गेले. ते विसरून चालणार नाही. पण शेतातून वखारीत गेलेला तोच तंबाखू चाळणारे हात आपल्या बोलण्यात येत नाहीत. (सीमाप्रश्नावर तासन्‌तास बोलतो, तेव्हाही नाही.)

संध्याकाळी एका दारातून बायका बाहेर पडल्या. "फोटू कसले काढतायसा?" एकीनं विचारलं. मी तलावाचे दाखवले.

"पाणी बरं दिसतंय," म्हणाली, आणि फडक्यानं तोंड पुसत चालू लागली.