सातच्या आत घरात : एका ठरावाची गोष्ट

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितलं, तेव्हा मी कपाटातून इतिवृत्ताची पहिली वही काढली. पाण्याची टाकी कधी झाली, लिफ्टचं काम किती दिवस रेंगाळलं, मेंटेनन्स किती होता, हे सगळं तिच्यात आहे आणि ते सचिवांच्या अहवालातही आलंच आहे. मी लिहितोय ते त्या वहीतल्या एकाच ठरावाबद्दल. तो माझ्याच अक्षरात आहे, कारण तेव्हा मी सचिव होतो.

“१६ वर्षांखालील मुलामुलींनी रात्री साडेआठनंतर सोसायटीच्या आवारात थांबू नये. वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर व वेळ यांची नोंद ठेवावी. ठराव सर्वानुमते मंजूर.”

आज वाचताना ‘सर्वानुमते’ या शब्दाशी थबकायला होतं. सर्व म्हणजे त्या दिवशी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले आम्ही चाळीसेक जण. ज्यांच्यासाठी ठराव होता, ते तेव्हा गच्चीत क्रिकेट खेळत होते.

ठरावाला कारण होतं, नाही असं नाही. सोसायटी नवी होती. रिव्हर्स घेणाऱ्या एका गाडीखाली संध्याकाळी एका मुलाची सायकल आली. मूल थोडक्यात वाचलं. त्याच महिन्यात दोन गाड्यांच्या काचा फुटल्या. सभेत बोलताना सगळे मुलाच्या जिवाबद्दल बोलले, पण आवाज चढले ते काचांच्या वेळी, हे मला अजून आठवतं.

रात्रीची वेस आपल्या पुण्याला नवी नाही. पेशवाईत रात्री तोफ झाली की परवानगीशिवाय रस्त्यावर फिरायला बंदी असे. जो सापडेल त्याला कोतवालाचे लोक पकडून ठेवत. घाशीराम कोतवालाची गोष्ट आपल्याला नाटकामुळे माहीत असते, पण मूळ घटना इतिहासातली आहे. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या लोकांनी दगडांनी ठेचून त्याचा जीव घेतला. शहराच्या रक्षणासाठी दिलेला अधिकार कुठपर्यंत जाऊ शकतो, याचा हा पुणेरी दाखला.

युरोपातही अशीच चाल होती. इंग्रजीतला ‘कर्फ्यू’ हा शब्द ‘विस्तव झाका’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून आला. संध्याकाळी घंटा झाली की चुली विझवायच्या किंवा झाकायच्या. लाकडी घरं पेटू नयेत, हा हेतू. म्हणजे मुळात तो नियम विस्तवासाठी होता, माणसांसाठी नंतर झाला.

आपण राहतो ती जमीन मात्र वेगळी गोष्ट सांगते. नव्या सभासदांपैकी बऱ्याच जणांना कर्वेनगर म्हणजे राजाराम पुलावरून येताना लागणारं ट्रॅफिक एवढंच माहीत असतं. हे मूळचं हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. शहरात प्लेगची साथ होती, विधवांना शिकवण्याला विरोधही होता. १९०० साली आश्रम गावाबाहेर इथे, हिंगण्याला, एका झोपडीत आला. जमीन दिली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी. अण्णासाहेब फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि काम आटोपल्यावर चालत हिंगण्याला यायचे. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल.

त्या काळच्या बालविधवेला घड्याळाची वेळ घालून द्यावी लागत नव्हती, तिला चोवीस तास घरातच ठेवलेलं असे. ‘सातच्या आत’ नव्हे, कायमचंच आत. अशा मुलींना घराबाहेर काढून या माळावर आणणाऱ्या माणसाचं नाव आपल्या पत्त्यात आहे. आपल्या गेटसमोरून रोज संध्याकाळी कमिन्स कॉलेजच्या आणि आजूबाजूच्या हॉस्टेलच्या मुली हसत-बोलत जातात, त्यामागे हा इतिहास आहे. ठराव लिहिताना यातलं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं, हे कबूल करतो.

माझ्या मनात होतं ते माझं स्वतःचं बालपण. आमच्या वाड्यात दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोतीला बसायचं, हा न लिहिलेला नियम. आम्हा भावंडांत मात्र तो दोन प्रकारे चाले. मी साडेसातला आलो तर आई नुसती बघायची. ताई सातला पाच मिनिटं उशिरा आली तर आजी ओसरीवर उभी असायची. ‘सातच्या आत घरात’ हे मुलींनाच ऐकवलं जाणारं वाक्य इतकं घरोघरचं होतं, की २००४ साली संजय सूरकरांनी त्याच नावाचा चित्रपट काढला आणि नाव कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या ठरावात ‘मुलामुलींनी’ असं लिहिलं, म्हणून तो आधुनिक झाला असं मला वाटलं होतं.

आता रजिस्टरची गोष्ट.

तेव्हाचे आपले वॉचमन काका लातूरकडचे. पंपरूमशेजारच्या खोलीत ते, त्यांची बायको आणि सातवीतली मुलगी राहायचे. महिनाअखेरीला मी रजिस्टर तपासायला घेतलं. पहिल्याच पानावर, ठराव लागू झाला त्या पहिल्याच रात्री, वेळ रात्री पावणेनऊ, एक नाव. फ्लॅट नंबरच्या रकान्यात आडवी रेघ. दुसऱ्या दिवशी तेच नाव, तिसऱ्या दिवशीही तेच. महिन्यात एकवीस वेळा.

मी काकांना विचारलं, “ही कोण? बाहेरची मुलगी येते का?”

ते म्हणाले, “माझीच हाय साहेब.”

खोलीत एकच दिवा, तोही मंद, आणि रात्री पंप चालू झाला की आवाजाने कान बसायचे. म्हणून ती पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली पोतं टाकून अभ्यासाला बसायची. आम्ही सगळे तिला तिथे रोज बघत होतो. ठराव मांडताना चाळीसपैकी एकालाही ती आठवली नाही.

“अहो, मग तिचं नाव कशाला लिहिलंत? तिच्यासाठी का तो नियम आहे?”

“तुमीच वाचून दाखवला ना साहेब. सोळाच्या खालची, साडेआठच्या नंतर, आवारात. माझ्या पोरीचं नाव गाळून दुसऱ्यांच्या पोरांचं कसं लिहू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रजिस्टरमध्ये आणखी सहा-सात नावं होती, त्यांतली निम्मी क्लासवरून परत येऊन गेटशी दोन मिनिटं बोलत उभ्या राहिलेल्या मुलींची. ज्या मुलांच्या बॉलमुळे काचा फुटल्या होत्या, ती साडेआठनंतर समोरच्या रस्त्यावर जाऊन खेळत होती. म्हणजे गाड्यांपासून वाचवायला केलेल्या नियमाने मुलांना रस्त्यावरच्या गाड्यांत नेऊन सोडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीचं ऑफिस रात्री दहापर्यंत अभ्यासासाठी उघडं ठेवलं. आधी ती एकटी असायची, मग आपली दोन-तीन मुलंही येऊन बसू लागली. दहावीपर्यंत ती तिथेच अभ्यास करत होती. पुढे ते कुटुंब वारज्याला राहायला गेलं. रजिस्टर बंद पडलं. ठराव मात्र कुणी रद्द केला नाही, आम्ही तो फक्त विसरलो.

तो पुन्हा आठवला २०२० मध्ये. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. ४ मेपासूनच्या केंद्राच्या आदेशात संध्याकाळी सात ते सकाळी सात बाहेर पडायला बंदी होती. अख्खा देश सातच्या आत घरात! त्याच आदेशात ६५ वर्षांवरचे आणि १० वर्षांखालचे यांनी अत्यावश्यक कारणाशिवाय घरीच राहावं, असं होतं. माझं वय आणि माझ्या नातवाचं वय, दोघंही त्या एका वाक्यात सापडलो. जूनमध्ये वेळ रात्री नऊवर गेली, जुलैत दहावर आली, ऑगस्टमध्ये रात्रीची बंदी उठली. मुलांचं वाक्य मात्र तसंच राहिलं. शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला, धाकट्यांचे त्याहूनही उशिरा. हॉटेलं आधी उघडली, शाळा नंतर. साथीच्या काळात बंदी लागली याबद्दल माझी तक्रार नाही. पण सर्वांत शेवटी सुटली ती मुलं, आणि त्यांनी कुठे निषेधाचा मोर्चा काढला नाही. नातू दीड वर्ष बाल्कनीच्या ग्रिलला नाक लावून उभा असायचा. त्याच दीड वर्षात त्याच्या हातात आम्हीच मोबाइल दिला आणि आता तो सुटत नाही म्हणून आम्हीच ओरडतो.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने नेमकी ही गोष्ट ओळखली. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. सरपंच विजय मोहिते आणि गावाने मिळून हे ठरवलं. माझ्या मते यातला महत्त्वाचा भाग असा, की टीव्ही मोठ्यांचाही बंद होतो. आईची मालिका बंद, बाबांच्या बातम्या बंद, मग मुलगा पुस्तक उघडतो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानेही ठराव केला, पण तो १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइलबंदीचा. हेतू दोन्हीकडे चांगलाच, पण वडगावच्या भोंग्यात मोठी माणसं स्वतः सामील आहेत.

बाहेरच्या देशांतही हाच फरक दिसतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात शेकडो शहरांनी अल्पवयीन मुलांना रात्रीची बंदी घातली. अशा नियमांवरच्या अभ्यासांचा २०१६ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा त्यामुळे गुन्हे कमी झाल्याचं काही दिसलं नाही. आइसलँडमध्येही कायदा आहे. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर आणि १३ ते १६ च्या मुलांनी दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही. उन्हाळ्यात दोन तास जास्त. पण तिथे पालक स्वतः गट करून रात्री वस्तीत फेरी मारतात आणि मुलांच्या खेळासाठी, छंदासाठी पालिका पैसे देते. नियमाबरोबर मोठ्यांचा वेळही खर्ची पडतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सांगतो. यंदाच्या सर्वसाधारण सभेसाठी एका सभासदांनी विषय दिला आहे, की मुलं रात्री उशिरापर्यंत क्लब हाउसच्या पायऱ्यांवर मोबाइल घेऊन बसतात, तरी वेळेचं बंधन घालावं. त्यांची काळजी खरी आहे. पोराची दुचाकी, रात्रीच्या पार्ट्या, कल्याणीनगरचा मे २०२४ मधला अपघात, हे वाचून कोणाचा जीव थाऱ्यावर राहील? पण मुलांनी किती वाजता घरात यावं असा कायदा आपल्या राज्यात नाही. पोलिसांची संचारबंदी लागते ती प्रसंगापुरती आणि बहुधा सगळ्यांना. रात्री दहानंतर आवाज नको, हा नियमही लहानमोठ्या सगळ्यांना आहे, आपल्या गच्चीवरच्या वाढदिवसांनासुद्धा.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी सभेला विनंती आहे. एक, तो जुना ठराव रीतसर रद्द करावा. सूचक म्हणून माझं नाव लिहावं, कारण मूळचा सूचकही मीच होतो. दोन, नवा विषय चर्चेला घेताना दहा वर्षांवरच्या मुलांना सभेत बसू द्यावं. मत नसलं तरी त्यांना बोलता येतं. तीन, वेळ ठरवायचीच असेल तर ती मोठ्यांसाठीही ठरवावी. रोज साडेसात ते साडेआठ आपल्यापैकी चौघांनी पाळीपाळीने खाली यावं, मोबाइल घरी ठेवून. कॅरम मांडा, गणित शिकवा, नाहीतर नुसते बाकावर बसा. पहिला आठवडा मी येतो.

आणि ऑफिसचा दिवा दहापर्यंत चालू ठेवावा. आताच्या वॉचमन काकांचा मुलगा सहावीत आहे.

— माजी सचिव, बी विंग