टब, शॉवर आणि बादली : आपल्या स्नानाचा इतिहास

(चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, आणि बोलणार कशावर, तर बाथरूमवर! पण प्रश्न तुमच्याचपैकी काही उद्योजक मित्रांचा आहे. जुन्या घराचं नूतनीकरण चाललंय, न्हाणीघर फोडायचंय, मुलं म्हणतात टब बसवा, मिस्त्री म्हणतो शॉवर पुरे, आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात आमची बादली कुठे ठेवणार ते आधी सांगा. हा नुसता फरशी आणि नळांचा प्रश्न नाही. या तीन मतांमागे तीन वेगवेगळे इतिहास उभे आहेत. ते नीट पाहिले तर निर्णय सोपा होतो, असं मला वाटतं.

आधी आपल्या धर्मशास्त्राकडे जाऊ. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ज्या धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिला, त्यात स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत. मंत्राने होणारं मांत्र, मातीने होणारं भौम, भस्माने होणारं आग्नेय, गोधुळीने होणारं वायव्य, ऊन असताना पडणाऱ्या पावसाने होणारं दिव्य, पाण्यात बुडी मारून होणारं वारुण आणि मनाने होणारं मानस. आता गंमत बघा. अंगावर वरून पडणारं पाणी म्हणजे दिव्य, आणि पाण्यात शिरणं म्हणजे वारुण. शॉवर आणि टब हा भेद आपल्या परंपरेला अनोळखी नव्हता. शिवाय सातांपैकी पाण्याची स्नानं दोनच आहेत. पाणी नसलं तर माणसाने काय करायचं, याचा विचार इथे फार आधी झाला होता. अवर्षणाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

बुडून स्नान करण्याची परंपरा तर फार जुनी. मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल आहे. पाणी झिरपू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिला होता. म्हणजे वॉटरप्रूफिंगची काळजी साडेचार हजार वर्षांपूर्वीही होती! पण तो टब नव्हे. टब एकट्याचा, तो हौद अनेकांचा. पुढे आपल्याकडे नद्यांचे घाट, पुष्करणी, कुंडं आली. मुसलमानी राजवटींबरोबर हमाम आले. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आजही पाहायला मिळतो. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. साचलेल्या थोड्याशा पाण्यात बसायचं, त्यातच साबण लावायचा आणि त्यातूनच उठायचं, हे आपल्या मनाला कधी पटलं नाही. अंगावरून गेलेलं पाणी निघून गेलं पाहिजे, ही आपली शुद्धतेची कल्पना. म्हणून आपल्याकडे मोरी आली, टब आला नाही.

मग घरात काय होतं? तांब्याचा बंब, पितळेचं घंगाळ, तांब्या आणि पाट. बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायचं आणि त्यात गार पाणी मिसळायचं, म्हणजे ‘विसण’ घालायचं. आज ज्याला आपण मिक्सर म्हणतो तो नळ विसणाचंच काम करतो. दिवाळीच्या पहाटे आई तेल चोळायची, उटणं लावायची आणि स्वतःच्या हाताने डोक्यावर तांब्या ओतायची. इथे सोलापुरात तर हे देवालाही चुकलेलं नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते. तिच्या पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला म्हणतात यण्णीमज्जन. ‘यण्णी’ म्हणजे कन्नडमध्ये तेल, आणि ‘मज्जन’ म्हणजे स्नान. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांच्या या गावात देवाच्या अभ्यंगाचं नाव कन्नड आहे.

पण या गोड आठवणींत एक कडवट सत्य दडलेलं असतं. तेही बोललं पाहिजे. स्नानाने शुद्धता येते म्हणणाऱ्या समाजाने लाखो माणसांना पाण्यालाच शिवू दिलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी हातात घेतलं. टब की शॉवर, ही निवड करता येणं हाच एक अधिकार आहे. तो अनेकांना फार उशिरा मिळाला आणि कित्येकांना अजून मिळायचा आहे.

आता शॉवरकडे येऊ. लोकांना वाटतं शॉवर ही श्रीमंतीची, हॉटेलची गोष्ट. इतिहास अगदी उलट आहे. लंडनमध्ये १७६७ साली विल्यम फीथम या शेगडी बनवणाऱ्या गृहस्थाने हातपंपाच्या शॉवरचं पेटंट घेतलं, पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही. शॉवर खरा रुजला तो तुरुंगात. फ्रान्समधल्या रूआँच्या तुरुंगात १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला देलाबोस्त नावाच्या डॉक्टरांनी कैद्यांसाठी फवाऱ्याची अंघोळ सुरू केली. कमी पाण्यात, कमी वेळात, जास्त माणसं स्वच्छ. मग तो सैन्याच्या बराकींत गेला. १८८३ मध्ये बर्लिनच्या आरोग्य प्रदर्शनात ओस्कार लासार या त्वचारोगतज्ज्ञाने सामान्य जनतेसाठी शॉवरचं स्नानगृह उभारून दाखवलं. तेव्हा सूत्र असं : टब हा फुरसतीचा वारस, शॉवर हा शिस्तीचा आणि काटकसरीचा. गंमत अशी की काटकसरीसाठी जन्मलेला शॉवर आज उधळपट्टीचं साधन झाला आहे. कारण त्याची तोटी बंद करणारा पहारेकरी गेला, आणि त्याच्या जागी आपला संयम काही आला नाही.

आता थोडा हिशेब करू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं मान्य प्रमाण. त्यातले ५५ लिटर अंघोळीचे धरतात. आणि जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला सगळ्या कामांसाठी मिळून रोज किती? तर ५५ लिटरच! म्हणजे शहरातल्या माणसाची अंघोळ आणि खेड्यातल्या माणसाचा अख्खा दिवस, दोन्ही सारखे. पुढे बघा. साधा टब भरायला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. चौघांच्या घरात प्रत्येकाने स्वतंत्र टब भरला तर झाले ६०० लिटर. त्या चौघांचा दिवसभराचा सगळा वाटा होतो ५४० लिटर! शॉवरमधून मिनिटाला नऊ लिटर पडतात असं धरलं, तर सहा मिनिटांत ५४ लिटर होतात. दहा मिनिटं उभे राहिलात तर ९०. आणि बादली? पंधरा-वीस लिटर. बादली संपते तेव्हा डोळ्यांना दिसतं. माझ्या मते बादलीचं तत्त्वज्ञान ते हेच : मर्यादा समोर दिसते. शॉवरमध्ये ती लपते.

हे सोलापूर आहे, हे विसरू नका. शंभर किलोमीटरहून लांबच्या उजनीतून इथे पाणी येतं, तेही शहराला काही दिवसांआड. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी आपल्याला ओळखीची. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. अशा गावात टब बसवला तर तो वर्षातले दहा महिने कोरडाच राहील, आणि शेवटी त्यात पाणी साठवून ठेवावं लागेल. काही घरांत तसंच झालेलं मी पाहिलं आहे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. शॉवर घ्या, कमी प्रवाहाचा घ्या, आणि त्याच्याखाली बादलीचा नळ ठेवाच. बोअरचं पाणी जड असतं, जाळीत क्षार बसतात, म्हणून जाळी सहज उघडता येईल अशी पाहा. टाकी पुरेशी उंच नसेल तर शॉवरला दाब मिळत नाही, हे आधी तपासा. टबचा काठ ओलांडताना म्हातारा माणूस पडतो. त्यापेक्षा सपाट, न घसरणारी फरशी, भिंतीला धरायला दांडी आणि बसायला पक्कं स्टूल ठेवा. आमच्या वयाला पाटावर बसून उठणंही जमत नाही. घरात कुणी आजारी असेल, गुडघ्याच्या दुखण्याने वाकता येत नसेल, तर हातात धरायचा शॉवर हे मोठं वरदान आहे. तिथे काटकसरीच्या नावाखाली कुणाला बादली उचलायला लावू नये.

आणि एक शेवटचं, तुम्ही इथे कारखाने चालवता म्हणून. अंघोळीनंतर देशभर जे टॉवेल वापरतात त्यांत सोलापुरी टेरी टॉवेलचं नाव मोठं. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तो विणणारा कामगार पाळी संपल्यावर हातपाय कुठे धुतो? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातलं ४२ वं कलम सांगायचं की कामगारांसाठी धुण्याची पुरेशी सोय हवी, स्त्रियांसाठी वेगळी आणि आडोशाची हवी, आणि ती स्वच्छ हवी. रसायनांच्या कारखान्यात तर अंगावर आम्ल उडालं की धावत जाऊन उभं राहायचा तो आणीबाणीचा शॉवर असतो. तिथे पंधरा मिनिटं धो धो पाणी लागतं आणि तिथे काटकसर चालत नाही. घरचा शॉवर निवडायला तुम्ही आठवडाभर चार दुकानं हिंडाल. त्यातला एक तास काढून कारखान्यातल्या त्या शॉवरची साखळी स्वतः ओढून बघा. पाणी येतं का, ते पाहा. माझ्या दृष्टीने या शहरातली सगळ्यात महत्त्वाची न्हाणी ती आहे.