कडू घोट, तीन मापं: पेल एलची चव आणि पनवेलची वाट



आजचा विषय जाहीर झाल्यावर पहिला प्रश्न हाच आला, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत बिअर कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, ही कुठल्याही दारूची जाहिरात नाही. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, पिण्यासाठी परवाना लागतो, वयाची अट आहे. आणि दारूनं घरं कशी बसतात हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याला बघायचंय ते वेगळंच. एखादं पेय चांगलं की वाईट, हे ठरवतं कोण? आणि कशानं? जिभेनं, काट्यानं, की सरकारी शिक्क्यानं? याचं उत्तर शोधायला पनवेलइतकी सोयीची जागा नाही. कशी, ते बघू.

आधी पेय समजून घेऊ. आज मुंबई-पुण्यात 'क्राफ्ट बिअर' म्हणून जी विकली जाते, त्यात 'इंडिया पेल एल', म्हणजे आयपीए, हे नाव हमखास असतं. नावात इंडिया आहे, पण ती बनली इंग्लंडमध्ये. पेल म्हणजे फिकट. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं सातू, कोकच्या जाळावर भाजायला लागले. लाकडाचा धूर गेला, भाजणं हाताशी आलं आणि माल्ट फिकट राहू लागलं. त्याची बिअर सोनेरी, तांबूस. म्हणून पेल.

आता एक दंतकथा आहे, ती तुम्ही वाचली असेल. भारतातल्या इंग्रजांसाठी बिअर पाठवायची तर ती वाटेत नासायची, म्हणून हॉजसन नावाच्या दारूवाल्यानं जास्त हॉप्स घालून नवी बिअर शोधून काढली. गोष्ट छान आहे, पण तशी घडलेली नाही. जॉर्ज हॉजसनचा कारखाना लंडनच्या पूर्वेला बो इथे होता, १७५२ पासून. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटायची ती ब्लॅकवॉलची गोदी तिथून जवळ. जहाजांचे कप्तान स्वतःच्या हिशेबावर थोडा माल नेत. हॉजसन त्यांना दीड-दीड वर्षाची उधारी द्यायचा. म्हणजे बघा, त्याचा शोध बिअरचा नव्हता, उधारीचा होता. भरपूर हॉप्सची, साठवून मुरवायची फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच. आणि भारतात नुसती पेल एल येत होती असंही नाही. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला काळी पोर्टर यायची. पेल एल ही साहेबाच्या टेबलावरची.

पुढे हॉजसन मंडळींनी मक्तेदारीचा तोरा दाखवला. तेव्हा १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकानं बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला विचारलं, तुम्ही करता का अशी बिअर? ऑलसॉपचा रशियाचा व्यापार नव्या जकातीनं नुकताच बसला होता. तो हो म्हणाला. पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळून पाहिला अशी गोष्ट सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा लख्ख, धारदार उठतो. पुण्याच्या पाण्याचा चहा आणि कोकणातल्या विहिरीच्या पाण्याचा चहा एकसारखा लागत नाही, तसंच हे.

हे हॉप्स म्हणजे काय? वेलीची फुलं. भांगेच्या कुळातली वेल. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलमध्ये ती पिकते. फुलात राळेसारखी पिवळी भुकटी असते. फूल उकळलं की त्यातली आम्लं बदलतात आणि कडू होतात. हाच कडूपणा बिअर आंबवून नासवणाऱ्या जिवाणूंना रोखतो. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारं जहाज चार ते सहा महिने चालायचं, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. पिंपं उन्हात तापायची, घुसळून निघायची. एवढ्या प्रवासात हॉप्सचा ताजा वास उडायचा, कडूपणाची धार बोथट व्हायची आणि पिंपात राहिलेलं रानटी यीस्ट सावकाश काम करून वेगळीच चव आणायचं. ते यीस्ट नेमकं कोणतं हे १९०४ साली कार्ल्सबर्गच्या क्लाउसेन या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. ब्रेटानोमायसिस हे नावच त्यानं दिलं, म्हणजे ब्रिटिश बुरशी! थोडक्यात, मुंबईला उतरणारी पेल एल ही लंडनहून निघालेली पेल एल नव्हती. समुद्रानं तिचं लोणचं मुरवलेलं असायचं.

आता पनवेल. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं कसं? भरतीच्या पाण्यावर होडीनं पनवेलच्या बंदरात उतरायचं, तिथून गाडीनं, पालखीनं, नाहीतर पायी बोरघाट. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. पुण्या-खडकीच्या छावण्यांना लागणारा विलायती माल याच वाटेनं चढायचा. त्यात गोऱ्या अधिकाऱ्यांची बिअर असणार हे सांगायला वेगळा पुरावा नको, कारण दुसरी सोयीची वाटच नव्हती. १८६३ साली घाटातून रेल्वे धावली आणि पनवेलची ही वर्दळ ओसरली. पण त्याआधी कित्येक वर्षं इथल्या हमालांनी आणि गाडीवानांनी ही बिअर पाठीवर आणि गाडीवर वाहिली. तिची चव कशी, हे त्यांना कुणी विचारलं नाही. हे पहिलं माप लक्षात ठेवा. पेल एलचं मोल जिभेनं ठरायचं, पण ती जीभ साहेबाची.

आता त्याच काळात, त्याच तालुक्यात दुसरं पेय बघा. उरण तेव्हा पनवेल तालुक्यातच मोडायचं, आणि १८८३ पर्यंत हा सगळा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. मग तो कुलाब्यात गेला, म्हणजे आजच्या रायगडमध्ये. उरणच्या भट्ट्या प्रसिद्ध होत्या. तिथे मोहाच्या फुलांची दारू गळायची आणि मुंबईला जायची. शिवाय किनाऱ्यावर भंडारी समाजाची माडी होती, डोंगरपट्टीत ठाकूर-कातकऱ्यांचा मोह होता.

१८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. घरगुती, गावगुती भट्ट्या मोडून मोजक्या ठिकाणी दारू गाळायची, तिथेच कर घ्यायचा, माडीच्या झाडामागे पट्टी बसवायची, असा त्याचा रोख. आणि दारू तपासायची कशानं? तर साइक्सच्या हायड्रोमीटरनं. धातूचा गोळा, वर दांडी, ती द्रवात किती बुडते यावरून जोर कळतो. मोहाची दारू 'लंडन प्रूफपेक्षा २५ अंश खाली' आणि '६० अंश खाली' अशा ठरीव जोरांवर विकली जाऊ लागली. आजच्या हिशेबात साधारण ४३ टक्के आणि २३ टक्के अल्कोहोल. बस्स. फूल कुठलं, कधी वेचलं, किती सुकवलं, पहिल्या धारेची की दुसऱ्या धारेची, वास कसा, घशात कशी उतरते, यातलं काही त्या दांडीवर उमटत नाही. सरकारला ते हवंही नव्हतं. सरकारला हवा होता महसूल.

पुढे १८९२ च्या मोह कायद्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावर आणि विकण्यावरच निर्बंध आले. जे फूल लोक खात होते, गुरांना घालत होते, ते फूलच संशयित झालं! जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, दारूची दुकानं वाढण्याला विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठीराख्यांनी पुण्यात दुकानांपुढे निरोधन केलं. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण बोट एकाच जागी: सरकार दारूकडे उत्पन्न म्हणून बघतंय. हे दुसरं माप. जोर आणि कर.

तिसरं माप तर खास पनवेलचं. इथे १८७२ साली पुराणिक वैद्यांनी धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. आयुर्वेदात आसव-अरिष्टं असतात. काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून ते आंबवायचं, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतो. बाटलीवर तसं छापलेलंही असतं. अल्कोहोल बघितला तर ही अरिष्टं बिअरच्या खाली नाहीत. पण त्यांना कुणी दारू म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण ती दोन चमचे पाण्यातून घ्यायची. दारूबंदी आल्यावर हा प्रश्न कोर्टात गेला. १९५१ च्या बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं दारूबंदी कायदा मुख्यतः उचलून धरला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांवरचे आणि प्रसाधनांवरचे निर्बंध रद्द ठरवले. म्हणजे तिसरं माप उपयोगाचं.

एकाच तालुक्यात आंबवलेली तीन पेयं. एक जिभेनं जोखलेलं, एक दांडीनं, एक गुणानं.

आता येऊ चाखण्याकडे. आजची हॉप्सवाली पेल एल समोर आली तर जोखायची कशी? ग्लास तेलकट नको, नाहीतर फेस बसतो. फार गारढोण नको, थंडीनं वास झोपतो. आधी बघायचं: रंग गव्हाळ की तांबूस, फेस टिकतो का. मग वास. कॅस्केड नावाचा हॉप १९७२ मध्ये अमेरिकेत आला, कॅलिफोर्नियात १९८० पासून सिएरा नेवाडा पेल एलमध्ये तो गाजला, आणि आजची क्राफ्टची चव बरीचशी तिथून निघालीय. त्याचा वास पपनसाच्या सालीचा, चिडाच्या राळेचा. काही नव्या हॉप्सना पिकल्या आंब्याचा, पेरूचाही वास येतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी. लोण्याचा आला तर आंबवण्यात घाई झालेली.

मग घोट. आधी माल्टचा गोडवा, पावाच्या कडेसारखा. त्याच्या मागून कडू. इथे आपली भाषा कामाला येते बरं का. आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कटु' म्हणजे तिखट, आणि आपण ज्याला कडू म्हणतो ते 'तिक्त'. आणि 'कषाय' म्हणजे तुरट. नवशिके लोक कडू आणि तुरट यांत हमखास गल्लत करतात. कारलं कडू, कच्चं केळं तुरट. चांगल्या पेल एलचा कडूपणा मेथीच्या भाजीसारखा असतो: येतो, रेंगाळतो, पण पुढचा घास मागतो. वाईट असेल तर कडूनिंबाचा पाला चघळल्यासारखा जिभेला खरवडत बसतो, तोंड तुरट करतो. या कडूपणाचं माप आयबीयू. एक आयबीयू म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू आम्ल, असं ढोबळ मानानं धरतात. अमेरिकी धाटणीच्या पेल एलमध्ये साधारण ३० ते ५०. पण नुसता आकडा बघू नका. माल्टचा गोडवा भरपूर असेल तर ५० सुद्धा सौम्य लागतात, पातळ बिअरमध्ये ३० सुद्धा बोचतात. तोल बघायचा. आणि डब्यावरची तारीख बघायची. गंमत बघा, जुनी पेल एल सहा महिने मुरली की नावाजायची, आजची जितकी ताजी तितकी चांगली. नाव तेच, गुणाची कल्पना मात्र उलटी.

महाराष्ट्रात ही लाट पुण्यात २००९ मध्ये डूलॅलीनं आणली. ते नाव कुठून आलं? आपल्या देवळालीतून! नाशिकजवळच्या त्या छावणीत गोरे शिपाई मायदेशीच्या जहाजाची वाट बघत कंटाळून भ्रमिष्ट व्हायचे. 'देवळालीचा ताप' याचं त्यांनी 'डूलॅली टॅप' केलं. शब्द विलायतेला गेला आणि बिअरच्या पाटीवर बसून परत आला. इथे जवळच तळोज्याच्या एमआयडीसीत युनायटेड ब्रुअरीजचा मोठा बिअर कारखाना आहे. म्हणजे ज्या तालुक्यातून बिअर वाहिली गेली, तिथेच आता ती बनतेसुद्धा.

मग अडलंय कुठे? पेल एलचं वर्णन करायला आज आपल्याकडे तक्ते आहेत, शब्द आहेत, पपनस आहे, राळ आहे. मोहाच्या दारूसाठी काय आहे? 'गावठी', 'हातभट्टी'. दोन्ही शब्द पोलिसांच्या पंचनाम्यातले. चव त्यात नाहीच. ज्या लोकांना मोहाच्या फुलाचा वास बरोबर ओळखता येतो, त्यांचं ज्ञान दीडशे वर्षं चोरून राहिलं. आणि याची किंमत मोजली गरिबानं. चोरून गाळलेल्या दारूत काय मिसळलंय हे तपासणारं कुणी नसतं, विषारी दारूचे बळी त्यातूनच जातात. शेजारच्या गोव्यात बघा. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं तिला वारसा पेय म्हटलं. तिथे उर्राक आणि फेणी यांतला फरक लोक उघड बोलतात, जोखतात.

माझं म्हणणं मोह प्या किंवा पेल एल प्या असं नाही. काहीच पिऊ नका, उत्तम. म्हणणं एवढंच, की चव जोखण्याचा मान कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, हाही इतिहासच आहे, आणि तो कागदपत्रांत कमी, भाषेत जास्त सापडतो. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, मोहाची फुलं वेचलेलं, माडी उतरवलेलं, तर त्याच्याकडचे चवीचे आणि वासाचे शब्द लिहून घ्या. हायड्रोमीटरवर ते उमटले नाहीत, निदान वहीत तरी उमटू द्या.

आता प्रश्न घेऊ.