पहिला येणारा आणि पोचणारा : आयर्नमॅन शर्यतीचा इतिहास

पदक मिळणार नाही, पहिल्या शंभरातही नंबर लागणार नाही, हे पक्कं माहीत असताना माणूस पहाटे चारला उठून पोहायला का जातो? सुट्टीच्या दिवशी शंभर किलोमीटर सायकल का मारतो? आज आपण या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत. त्यासाठी एकच शब्द घेऊ : 'आयर्नमॅन'. त्याचा अर्थ बदलत गेला, आणि त्या बदलातच आपलं उत्तर आहे.

पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ, म्हणजे ट्रायथलॉन. आज आपण ज्याला ट्रायथलॉन म्हणतो, त्याची सुरुवात सहसा सप्टेंबर 1974 पासून धरतात. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या मिशन बे इथे एका ट्रॅक क्लबने ही शर्यत घेतली, आणि 46 जण उतरले. त्यात जॉन आणि ज्यूडी कॉलिन्स हे जोडपं होतं. जॉन अमेरिकन नौदलात अधिकारी. पुढे त्यांची बदली हवाईला झाली. तिथे 1977 मध्ये एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला : जास्त तंदुरुस्त कोण, पोहणारे की धावणारे? कॉलिन्सनी त्यात सायकलवाल्यांनाही ओढलं. मग तोडगा निघाला, की ओआहू बेटावरचं लांब पल्ल्याचं पोहणं, बेटाभोवतीची सायकल आणि होनोलुलू मॅरेथॉन, तिन्ही एकाच दिवशी करायचं. म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर धावणं. जो पहिला येईल त्याला 'आयर्नमॅन' म्हणायचं.

हा शब्द नीट लक्षात ठेवू : जो पहिला येईल तो. नाव एकट्या विजेत्यासाठी होतं.

18 फेब्रुवारी 1978 ला पंधरा जण पाण्यात उतरले, बारा जणांनी शर्यत पूर्ण केली. प्रत्येकाने आपले मदतनीस आणि खाणंपिणं स्वतः आणायचं होतं. जॉन डनबार मॅरेथॉनमध्ये पुढे होते, पण त्यांच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी चक्क बिअर दिली! गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांच्या आसपास पहिले आले. शेवटच्या गड्याला एकवीस तास लागले. खुद्द कॉलिन्स नववे आले, 17 तास 38 सेकंदांत. आज साधारणपणे सतरा तासांची मर्यादा असते. म्हणजे आजच्या नियमाने ज्यांनी ही शर्यत उभी केली तेच 38 सेकंदांनी बाद झाले असते! त्या बारापैकी चौघे बसलेच नसते.

वाद होता तंदुरुस्त कोण याचा. मग एकवीस तास चालत राहणाऱ्याला काय सिद्ध करायचं होतं? वादाचा निकाल तर नऊ तास आधीच लागला होता. इथे आपल्याला पहिल्यांदा दिसतं, की शर्यत एक आणि प्रश्न दोन. पुढच्याचा प्रश्न, 'मी सगळ्यांत भारी का?' मागच्याचा प्रश्न, 'मला हे जमेल का?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या वेळेवर अवलंबून नसतं.

हा दुसरा प्रश्न जगाला दिसला तो फेब्रुवारी 1982 मध्ये. तोवर शर्यत हवाईच्याच मोठ्या बेटावर, कोनाला हलली होती आणि टीव्हीवर दिसू लागली होती. ज्यूली मॉस ही 23 वर्षांची विद्यार्थिनी कॉलेजच्या प्रबंधासाठी म्हणून भाग घ्यायला आली आणि महिलांमध्ये आघाडीवर राहिली. शेवटची रेषा काही पावलांवर आली आणि तिचे पाय गेले. ती पडली, उठली, परत पडली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली. मॉस रांगत रांगत पोचली, 29 सेकंद मागे. जिंकली मॅकार्टनी, पण लोकांच्या लक्षात राहिली मॉस. हे दृश्य बघून घरी बसलेल्या कित्येकांना वाटलं, आपणही करून बघावं. आज शर्यत वेळेत पूर्ण करणारा प्रत्येक जण आयर्नमॅन म्हणवला जातो. पहिल्याचं नाव पोचणाऱ्याचं झालं, ते असं.

मात्र त्या दृश्याची दुसरी बाजूही बघायला हवी. रांगणं हाच आदर्श मानला, तर थांबणं म्हणजे पळपुटेपणा वाटू लागतो. शरीर नाही म्हणत असताना रेटणं धोक्याचं आहे. इथे डिक आणि रिक हॉइट हे बापलेक आठवतात. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. 1977 मध्ये वडिलांनी त्याची व्हीलचेअर ढकलत पाच मैलांची शर्यत केली. नंतर रिकने कॉम्प्युटरच्या मदतीने सांगितलं, की धावताना आपलं अपंगत्व जाणवतच नाही. पुढे कोनालाही दोघे गेले. 1988 मध्ये पोहणं वेळेत झालं नाही, तिथेच थांबावं लागलं. 1989 मध्ये ते परत आले. वडिलांनी रिकची होडी ओढली, त्याला सायकलच्या पुढच्या आसनावर बसवलं, व्हीलचेअर ढकलली आणि शर्यत पूर्ण केली. आदल्या वर्षीच्या थांबण्याने त्यांचं काही कमी झालं नाही.

ही लाट आपल्याकडेही पोचली. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली. ऑक्टोबर 2019 मध्ये गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची शर्यत झाली. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा सांभाळून सराव करणारी माणसं आता आपल्या ओळखीत असतात. त्यांना 'नंबर कितवा आला?' असं विचारायची आपली सवय आहे. तो 1977 चा प्रश्न झाला. 'कसं वाटलं? कशासाठी केलंस?' असं विचारून बघू. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.