निकेल ऑक्साइडचे कोडे

घन पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचे पट्टे असतात. पट्टा अर्धवट भरलेला असेल तर पदार्थ सुवाहक, पूर्ण भरलेला असेल तर दुर्वाहक. १९३७ मध्ये ब्रिस्टल येथील परिषदेत दे बूर व फेरवे या डच शास्त्रज्ञांनी या नियमाला न जुमानणारे निकेल ऑक्साइड पुढे ठेवले. त्याचा पट्टा अर्धवट भरलेला, तरी पदार्थ दुर्वाहक!

असे का व्हावे? पायर्ल्स आणि मॉट यांनी कारण सुचवले. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. एखाद्या अणूवर जादा इलेक्ट्रॉन येण्यास फार ऊर्जा लागत असेल, तर सारे आपापल्या जागी अडकून पडतात. पट्ट्यांच्या नियमात मात्र इतर इलेक्ट्रॉनांचा केवळ सरासरी परिणाम धरलेला असतो.

१९६३ मध्ये जॉन हबर्ड यांनी हे दोनच राशींत मांडले : शेजारच्या अणूवर उडी मारण्याची सुलभता, आणि एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आल्यास लागणारी जादा ऊर्जा. मांडणी सोपी, पण आकडेमोड करून पाहू. प्रत्येक जागा रिकामी असेल, तीवर एका किंवा उलट स्पिनचा इलेक्ट्रॉन असेल, किंवा दोन्ही असतील. म्हणजे चार शक्यता. दोन अणूंच्या १६, दहा अणूंच्या १०,४८,५७६, तर वीस अणूंच्या एक लाख कोटींहून अधिक! एक अणू वाढला की शक्यता चौपट. नुसत्या वेगवान संगणकाने हे भागणारे नाही.

मग काय गाळायचे? १९८९ मध्ये मेट्झनर व फोलहार्ट यांनी दाखवले की प्रत्येक अणूला अगणित शेजारी आहेत असे मानले, तर प्रश्न बराच सुटसुटीत होतो. त्यावरून १९९२ मध्ये जॉर्ज व कोटलियार यांनी रीत बसवली : एकच अणू तपशिलाने सोडवायचा, बाकीच्यांना त्याचा भोवताल मानायचे. वर्गाच्या वातावरणाने मूल घडते, आणि ते वातावरणही अशाच मुलांचे बनते. तसे दोन्ही जुळेपर्यंत गणित पुन्हा पुन्हा करायचे.

पण गाळलेलेच महत्त्वाचे असेल तर? अणू सपाट जाळीत मांडले, तर हबर्ड यांच्या प्रश्नाचे नेमके उत्तर आजही हाती नाही. म्हणून २०१५ मध्ये अनेक गटांनी तोच प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडवून उत्तरे ताडून पाहिली. जिथे ती जुळली, तिथे विश्वास वाढला. जिथे जुळली नाहीत, तिथे पुढचे काम दिसले. ताळा करून पाहा, असे आपण मुलांना सांगतो ते याचसाठी.