तर्खडकर आणि पाटाचं पाणी

दहावीला मला इंग्रजीत पस्तीस मार्क पडले. एक कमी पडला असता तर नापास. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, आणि आमच्या सरांनाही ते बोलता येत नव्हतं. पण व्याकरण मात्र त्यांना पक्कं यायचं. ते पाठ्यपुस्तक बाजूला ठेवायचे आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढायचे. आधी शब्द पाठ करायचे, मग इंग्रजी वाक्यांचं मराठी आणि मराठी वाक्यांचं इंग्रजी. पुठ्ठा निघालेलं, सुतळीनं बांधलेलं ते पुस्तक माझ्याआधी घरातल्या दोघातिघांनी वापरलेलं होतं.

एके दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘पाणी सोडलं नाही.’ म्हणाले, कर इंग्रजी. मी खडू हातात धरून उभा. सुरुवात कुठून करायची तेच कळंना. सर म्हणाले, “आरं, कुणी सोडलं नाही? कर्ता कुठाय?” मराठीत कर्ता नसला तरी आपलं भागतं, ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत जागा मोकळी ठेवता येत नाही. नंतर त्यांनी दुसरी वाटही दाखवली, पॅसिव्ह व्हॉइसची. पण बजावलं, की आधी कर्ता शोधायचा, सापडलाच नाही तर ही वाट.

इंग्रजीचं व्याकरण शिकून मराठी नीट करायचं हे काही आमच्या सरांचं डोकं नव्हे, हे मला पुढं वाचनातून कळलं. पेशवाई बुडून अठरा वर्षं झाली तेव्हा, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण छापलं. वय बावीस. त्यांच्यासमोर नमुना होता तो लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरेचं पुस्तक १७९५ चं, आणि इंग्रजांच्या शाळांत ते घरोघरच्या पंचांगासारखं चालायचं. म्हणजे आपल्या भाषेचे नियम शोधायला निघालेला हा तरुण माणूस इंग्रजीचं माप घेऊन निघाला होता. काही ठिकाणी ते माप बसलं, काही ठिकाणी ओढून बसवावं लागलं. लोकांनी त्यांना मराठीचे पाणिनी म्हटलं.

दुसरा माणूस मेजर कँडी. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात हा होता, पुढं शाळेची मराठी पुस्तकं तपासायचं काम त्याच्याकडं आलं. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही इंग्रजी चिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय त्यालाच देतात. त्याआधी आपल्याकडं पोथीत दंड असायचा, बाकी काही नाही. मोडीत तर तेही नाही. आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. शब्द सुटा करायचा नाही, वाक्य कुठं संपलं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.

मोडीचा हा खेळ आमच्या घराला महागात पडलेला आहे. पणजोबांच्या वेळचा एक वाटणीचा कागद आहे. शेजारच्या गावचे एक म्हातारे मोडी वाचायचे, त्यांच्याकडं नेला. त्यांनी वाचलं, ‘बांधावरील आंबे पूर्वेकडील विहीर सामाईक.’ आता सामाईक काय? नुसती विहीर, की आंबेसुद्धा? म्हाताऱ्यांनी दोनदा वाचलं आणि दोन अर्थ सांगितले. एक स्वल्पविराम असता तर आमच्या आणि चुलत घराच्या दोन पिढ्या भांडल्या नसत्या. कँडीसाहेबाची मराठी कृत्रिम म्हणून विद्वानांनी नावं ठेवली, ती खरीही असतील. १८७४ ला निबंधमाला काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजी वळणाच्या मराठीवर तुटून पडायचे, आणि त्यांचा स्वतःचा निबंध इंग्रजी गद्य वाचूनच घडला होता. पण टिंब आणि स्वल्पविराम यांनाही कुणी परकं म्हणू लागलं, तर मी त्याला आमचा कागद दाखवीन.

माझं व्याकरण कामाला आलं ते पुढं बऱ्याच वर्षांनी. आमची जमीन चारीच्या शेवटच्या टोकाला. आवर्तन सुटलं की वरचे लोक रात्री चारी फोडायचे आणि आमच्यापर्यंत ओल यायची, पाणी नाही. गावानं अर्ज लिहिला. दीड पान, सगळं एकच वाक्य. त्यात ‘चारी फोडली जाते’, ‘पाणी पोहोचत नाही’, ‘अन्याय होत आहे’. मी तो घरी आणला आणि कंदिलाजवळ बसून एकेका वाक्यापुढं सरांचा प्रश्न टाकत गेलो. कुणी? केव्हा? कुठं? एका वाक्याची अकरा वाक्यं झाली. आवर्तनाच्या तारखा घातल्या, किती एकर ऊस वाळला ते घातलं. शेवटी एकच जागा राहिली, चारी कुणी फोडली.

कर्ता मला ठाऊक होता. चुलत घरातले थोरले, ज्यांना मी अण्णा म्हणतो, ते. दोनदा मी स्वतः टॉर्चच्या उजेडात बघितलं होतं. सकाळी पारावर अर्ज वाचून दाखवला तर एक वडीलधारे म्हणाले, “नाव कशापायी घालतोस? ‘फोडली जाते’ असंच असू दे. सायबाला कळतंय की.” मला तेव्हा वाटलं, या ‘जाते’मध्येच आपलं पाणी जातंय. मी नाव घातलं.

आज मला तसं खात्रीनं वाटत नाही. ते म्हातारे अडाणी नव्हते. जुन्या मराठीत कर्ता गाळण्याची जी सोय होती ती काही आळसापायी आलेली नसावी. एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या माणसांना ती लागते.

महिन्याभरानं उत्तर आलं. ‘सदर प्रकरणी चौकशी करण्यात येऊन योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ मी ते चारदा वाचलं. आख्ख्या वाक्यात कर्ता नाही. इंग्रजी व्याकरणाची दुसरी वाट हापिसानं आमच्याहून बरी शिकली होती. तरी एक खरं, त्यानंतर साहेब जीप घेऊन आला आणि चारीवरून शेवटपर्यंत चालला. उन्हाळी आवर्तनात पाणी आमच्या शेवटच्या वाफ्यात आलं, रात्री दोन वाजता. मी दारं धरून अनवाणी त्यात उभा राहिलो.

अण्णा चार वर्षं बोलले नाहीत. थोरल्या लेकीच्या लग्नात मी अक्षता घेऊन गेलो, तेव्हा नुसतं “जेवून जा” म्हणाले. आंब्यांचं अजून ठरलेलं नाही. दोन्ही घरं निम्मे निम्मे उतरवतो.